कुठंकाकू आणि तेराचा पाढा

एका गावात एक काकू राहायच्या, आणि कोण कुठं चाललंय हे कळल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागायचा नाही.

त्यांचं घर गावातलं अगदी शेवटचं. घराला वळसा घालून रस्ता वळायचा, वळण संपलं की उतार आणि उताराच्या तळाला कालव्यावरचा अरुंद पूल. पुलापलीकडं डाव्या हाताला शाळा, उजव्या हाताला साखर कारखान्याची वाट. म्हणजे पुलाकडं जायचं तर काकूंच्या ओट्यासमोरूनच जावं लागायचं, दुसरा रस्ताच नव्हता. काकू दिवस उजाडायला ओट्यावर येऊन बसायच्या. मांडीवर तांदळाचं ताट, शेजारी पाण्याची कळशी, आणि नजर रस्त्यावर.

"कुठं निघालात?"

मास्तर दिसले, विचारलं. दूधवाला दिसला, विचारलं. एकदा एक म्हैस एकटीच डुलत चालली होती, तर काकूंनी तिलाही विचारलं, "कुठं गं बाई, एवढ्या सकाळी?" म्हशीनं काही सांगितलं नाही. पण मागं तुटलेलं दावं लोंबत होतं ते काकूंना दिसलं, आणि म्हैस वेळेवर घरी पोचली.

गावानं त्यांचं नाव ठेवलं कुठंकाकू.

आता घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, असं आपल्याकडं मानतात. विचारलं की काम होत नाही म्हणे. पण त्यावर उपायही सांगून ठेवलाय. कुणी 'कुठं' म्हटलंच, तर तिथंच थांबायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. गाडी चालवणारी माणसं तर हे फार कडक पाळतात. त्यामुळं काकूंचा प्रश्न आला, की कपाळाला आठ्या घालून का होईना, ड्रायव्हर गाडी उभी करायचा, खाली उतरायचा आणि ओट्यावर टेकायचा.

काकू तांब्या पुढं करायच्या, वर गुळाचा खडा. आणि पाणी पिऊन होईस्तोवर आणखी चार गोष्टी विचारून घ्यायच्या.

"काय रे, तुझा मागचा लाल दिवा का पेटत नाही?"

"बल्ब गेलाय, काकू."

"कधी गेला?"

"झाले चार दिवस."

"मग मागून येणाऱ्याला कसं कळतं, पुढं तू आहेस ते?"

"त्याला डोळे दिलेत की देवानं!"

"दिलेत खरे. पण धुक्यात डोळे काय करतात रे? मिटतात का?"

ड्रायव्हर हसायचा, पुटपुटायचा आणि निघून जायचा. पण उद्या ही बाई पुन्हा हेच विचारणार, या धास्तीनं संध्याकाळी नवा बल्ब बसवून टाकायचा.

एरवी हे सगळं हसण्यावारी जायचं. पण दिवाळी सरली की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि रस्त्याचं रूपच पालटायचं. उसानं भरलेल्या ट्रॉल्या, एकामागं एक. बैलगाड्या. हुरडा खायला शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या मोटारी. आणि त्यातच थंडी पडली, की पहाटे कालव्यातून वाफ निघाल्यासारखं धुकं वर यायचं, ते पूल झाकायचं, उतार झाकायचं आणि काकूंच्या दारातल्या चिंचेपर्यंत येऊन टेकायचं.

त्या वर्षी गावातल्या एका गड्यानं नवा ट्रॅक्टर आणला होता. लालभडक. त्याला गाण्यांचा मोठा डेक बसवलेला, मागं दोन ट्रॉल्या. माणूस कष्टाळू होता, पण त्याला भारी घाई. कारखान्यावर पहिला नंबर लागला पाहिजे, बस. आठच दिवसांत एका बाभळीला घासून ट्रॅक्टरचा एक पुढचा दिवा फुटला. दुसरा होता, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

काकूंनी मात्र घेतलं. तीन दिवस रोज थांबवलं, रोज विचारलं. चौथ्या दिवशी कारखान्यावर त्याचा नंबर बारावा लागला, आणि तो घरी येऊन आईपुढं करवादला, "त्या कुठंकाकूंनी वाटोळं केलं! नव्या ट्रॅक्टरला रोज अपशकुन!"

त्याची म्हातारी आई काठी टेकत काकूंकडं आली. काकू तिला आत्याबाई म्हणायच्या.

"बाई," म्हातारी म्हणाली, "तू मनाची चांगली आहेस, मला ठाऊक आहे. पण माझ्या लेकाला मागनं टोकू नकोस. एकुलता एक आहे. तो परत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

काकूंचा चेहरा पडला. "आत्याबाई, मी वाईट म्हणून विचारते का?"

"नाही गं. पण विचारू नकोस. मला शब्द दे."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? काकूंनी शब्द दिला. आणि एकाला विचारायचं, दुसऱ्याला नाही, हे बरं दिसत नाही, म्हणून निघालेल्या कुणालाच विचारायचं नाही असं ठरवलं.

ठरवलं खरं, पण जीभ ऐकेना. समोरून कुणी आलं की 'कु' ओठापर्यंत यायचा. शेवटी काकूंनी तोंडात एक भली मोठी सुपारी धरली. गाड्या भरधाव जायच्या, काकू नुसत्या बघत राहायच्या. कळशी भरलेली तशीच आत जायची.

"बरं झालं," गाव म्हणालं. "आता अपशकुन नाही, की खोळंबा नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांनी भरलेली एक जीप ओट्यासमोरून वाऱ्यासारखी गेली. जरा वेळानं उताराकडून धाडकन आवाज आला. सगळे धावले. जीप पुलाच्या अलीकडं उसाच्या सरीत नाक खुपसून उभी होती. कुणाला मोठं लागलं नव्हतं, पण एका बाईच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि पोरं भोकाड पसरून रडत होती.

ड्रायव्हर डोकं धरून बसला होता. "घरून नारळ फोडून निघालो. वाटेत मांजर आडवं आलं नाही. 'कुठं' म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही. मग झालं कसं?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. खरंच की. कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी सुपारी गालात सरकवली. निघालेल्याला विचारायचं नव्हतं, पण हा तर सरीत बसला होता! "दिवे वर मारले होतेस का खाली?"

"वर. लांबचं दिसावं म्हणून."

"मग दिसलं का लांबचं?"

"कुठलं हो! समोर पांढरी भिंतच उभी राहिली. पूल आलेला कळलाच नाही."

"आणि इथं पूल आहे, हे माहीत होतं?"

"मी या गावात पहिल्यांदाच आलोय."

"मग विचारायचं नाहीस का कुणाला?"

काकू परत आल्या, पण डोक्यात भुंगा सुरू झाला. आपण तर विचारलं नाही. मग हा अपशकुन आला कुठून?

त्यांनी शोध घ्यायचं ठरवलं. शब्द निघालेल्यांपुरता होता, परत येणाऱ्याला विचारायला कुणाची बंदी नव्हती. संध्याकाळी शाळा सुटली, तशी काकूंनी पोरांना अडवलं. हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

"काय रे, पुलावरून कसे जाता तुम्ही?"

"एका कडेनं, काकू. ओळीत."

"पूर्वी गाड्या हळू यायच्या," एक मुलगा म्हणाला. "आता थांबतच नाहीत. आम्ही कठड्याला चिकटतो."

"आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस कोण ओढतं?"

सगळे एकदम शेंगदाण्यांकडं बघायला लागले.

"कळलं," काकू म्हणाल्या. "पूर्वी ट्रॉली माझ्या दारात उभी राहायची, तेव्हा ओढायचात. आता पळत्या ट्रॉलीमागं पळता. ऊस हवा तर मला मागा, मी देते. चाकाजवळ गेलेले दिसलात, तर मास्तरांना नाही, थेट तुमच्या आयांना सांगेन."

ट्रॅक्टरवाल्याची लेक त्यांच्यातच होती, पाचवीतली. ती हळूच म्हणाली, "काकू, धुक्यात एक गंमत होते. एकच दिवा दिसला की आम्हाला वाटतं मोटारसायकल आली. आम्ही थोडंसंच सरकतो. मग एकदम ट्रॅक्टरच निघतो!"

"कुणाचा गं?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबांचा. कारखान्यावरून रिकामे परत येतात तेव्हा."

काकूंच्या तोंडातली सुपारी कडकन फुटली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "धुकं असलं की गप्प चालायचं नाही. तुम्ही दिसत नाही, तर ऐकू तरी या. मोठ्यानं पाढे म्हणत जा. मास्तरही खूश होतील."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी धुक्यातून पाढे ऐकू यायला लागले. ट्रॅक्टरवाल्याच्या लेकीला तेराचा पाढा काही केल्या यायचा नाही. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी सुरळीत, आणि तेरा सात्यापाशी हटकून बंद. मग बाकीची पोरं ओरडून तिला धक्का द्यायची आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. काकूंना ऐकून ऐकून आख्खा पाढा पाठ झाला.

मग शनिवार उजाडला. धुकं असं, की दारातली चिंचसुद्धा दिसेना. पोरं ओट्यासमोरून गेली तेव्हा काकूंना नुसती दप्तरं हलताना दिसली. सगळ्यात मागं ट्रॅक्टरवाल्याची लेक, अंगात राखाडी स्वेटर.

"येतो हं, काकू!" पोरं म्हणाली.

"या," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं, स्वेटर तरी किती धुक्याच्या रंगाचा! चार पावलांवर पोरगी पुसल्यासारखी नाहीशी झाली.

पोरं उतार उतरली नसतील, तोच गावाकडून गाणं ऐकू आलं आणि पाठोपाठ एक दिवा दिसला. एकच. क्षणभर काकूंनाही वाटलं, मोटारसायकल. मग ट्रॉल्यांच्या साखळ्यांचा खणखणाट कानावर आला.

विचारावं? शब्द दिलाय. म्हातारीचा एकुलता एक आहे. न विचारावं? खाली पुलावर पोरं आहेत.

काकूंनी सुपारी थुंकली. "कुठं निघालास रे?" त्या सगळा जीव एकवटून ओरडल्या.

पण त्या डेकपुढं काकूंचा आवाज तो काय! ट्रॅक्टर तसाच येत राहिला. काकूंनी मांडीवरचं ताट उपडं केलं. तांदूळ अंगणभर उडाले. त्यांनी ओट्याच्या कडेला उभं राहून तांब्यानं ते ताट असं बडवलं, असं बडवलं, की ट्रॅक्टरवाल्याला वाटलं आपल्या ट्रॉलीची पिन तुटून लोखंड घासतंय. त्यानं करकचून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर ओटा ओलांडून, वळणाच्या तोंडाशी जाऊन थांबला.

तो उडी मारून खाली उतरला. बघतो तर पिन जागेवर, आणि काकू ताट हातात घेऊन उभ्या.

"कुठं निघालास?" काकूंनी विचारलं.

"काकू!" तो ओरडला. "आईला शब्द दिला होता ना तुम्ही?"

"दिला होता. मोडला. ते आत्याबाईंचं आणि माझं मी बघेन. आता विचारलंय ना? मग बस खाली. का तसाच जातोस?"

तसं जायची त्याची छाती नव्हती. त्यानं रागारागानं डेक बंद केला, इंजिन बंद केलं, आणि येऊन ओट्यावर आदळला. काकूंनी पाणी दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला.

आणि सगळं शांत झाल्यावर, खालून, धुक्याच्या आतून आवाज आला.

"तेरा चोक बावन्न... तेरा पंचे पासष्ट..."

ट्रॅक्टरवाल्यानं तांब्या तोंडापासून खाली घेतला. "ही... ही आमची बाळी?"

"तुझीच."

"पण ती आत्ता कशी? शाळा तर नऊची."

"आज वार कुठला?"

तो बोटांवर वार मोजत बसला. हंगामात ड्रायव्हरला वार कुठला ठाऊक असायला? "शनिवार," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. शनिवारी सकाळची शाळा असते.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," खालून आवाज आला. "तेरा साते..."

आणि पुढं काहीच नाही.

ट्रॅक्टरवाला ताडकन उभा राहिला. तांब्या हातातून पडून गडगडत अंगणात गेला. धुक्यात काही दिसत नव्हतं. पाण्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. तो एक श्वास त्याला वर्षाएवढा लांब गेला.

"एक्याण्णव!" सगळी पोरं एकदम ओरडली, आणि खदाखदा हसली.

ट्रॅक्टरवाला पुन्हा ओट्यावर टेकला.

"पुलाच्या मध्यावर आहेत," काकू म्हणाल्या. "रोज तिथंच अडते ती." मग त्यांना खरोखरच प्रश्न पडला, म्हणून त्यांनी विचारला, "का रे, दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी किती लांब जाऊन थांबते?"

त्यानं वळणाकडं पाहिलं, उताराकडं पाहिलं.

"आणि गाणं एवढं मोठं असल्यावर तुला तो पाढा ऐकू आला असता?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"आणि एक दिवा बघून पोरं मोटारसायकलीला देतात तेवढीच वाट देतात, हे तुला माहीत होतं?"

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या लेकीनं."

पोरांचा आवाज पलीकडं शाळेच्या बाजूला पोचला, विरला, घंटा वाजली, तरी तो बसूनच होता. ऊन वर आलं, चिंच दिसायला लागली, मग पुलाचा कठडा दिसला. तेव्हा तो उठला. त्या दिवशी कारखान्यावर त्याचा नंबर विसावा लागला, आणि त्यानं कुणाला काही ऐकवलं नाही. परत येताना मात्र नवा दिवा बसवून आला. दोन्ही ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावून घेतल्या. बाहेर लोंबणारा ऊस दोरीनं आवळून बांधायला लागला. आणि उतार लागला की डेक आपोआप बंद.

दुपारी काकू म्हातारीकडं गेल्या. "आत्याबाई, मी शब्द मोडला." आणि घडलं तसं सगळं सांगितलं.

म्हातारी ऐकत राहिली. मग तिनं एकच विचारलं, "पोरीनं स्वेटर कुठला घातला होता?"

"राखाडी."

म्हातारी उठली. पेटीतून आपलं जुनं हळदीच्या रंगाचं लुगडं काढलं, कात्री घेतली. रविवारी दिवसभर सुई चालली. सोमवारी सकाळी गावातल्या प्रत्येक दप्तरावर वीतभर रुंद पिवळी पट्टी होती, आणि पोरं धुक्यातून चालली की झेंडूची माळ चालल्यासारखी दिसायची.

काकूंनी पुन्हा विचारायला सुरुवात केली. आता पाहुण्यांच्या मोटारीही थांबायच्या. काकू त्यांना पाणी द्यायच्या, पुढं पूल आहे म्हणून सांगायच्या, दिवे खाली घ्यायला लावायच्या आणि धुकं फारच असलं तर म्हणायच्या, "बसा की जरा. हुरडा काय पळून जातोय?"

पुढं संक्रांतीच्या सुमाराला काकूंना थंडी बाधली आणि घसा पार बसला. सकाळी त्या ओट्यावर आल्या, तर तोंडातून शब्द फुटेना. समोर तीन ट्रॅक्टर, एक जीप, एक बैलगाडी रांगेत उभी.

"काकू, विचारा की!" ट्रॅक्टरवाला वरूनच म्हणाला. "खोळंबलोय आम्ही."

काकूंनी गळ्याकडं बोट दाखवलं.

आता आली का पंचाईत! विचारल्याशिवाय निघायचं कसं? ड्रायव्हर एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तेवढ्यात काठीचा टकटक आवाज आला. म्हातारी आत्याबाई सावकाश चालत आली, ओट्यावर काकूंच्या शेजारी बसली, श्वास घेतला, आणि आपल्या एकुलत्या एका लेकाकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"कुठं निघालास रं?"

त्यानं इंजिन बंद केलं आणि हसत खाली उतरला.

तात्पर्य: रस्त्यात आपल्याला थांबवणारा प्रश्न अपशकुन नसतो. घोटभर पाण्यापुरता जो थांबतो, त्याला धुक्यापलीकडच्या लेकरांचा आवाज ऐकू येतो.